इन्व्हर्नेसला मुक्काम, रोज एक फेरी: स्कॉटिश हायलँड्समधली ऐतिहासिक ठिकाणं

डोंगरवाट

एप्रिल संपत आला की ओळखीपाळखीतून तोच प्रश्न येतो. "एडिनबराला चार दिवस आहोत, त्यातला एक दिवस हायलँड्सला ठेवलाय. काय काय होईल?" प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा इथे धागा काढते. ज्यांनी ही भटकंती केलीय त्यांनीही भर घालावी.

सगळ्यात आधी, एडिनबराहून एका दिवसात करू नका. मी पहिल्यांदा गेले ती अशाच एका बस-सहलीनं. बारा तासांतले निम्म्याहून जास्त तास खिडकीतून बघण्यात गेले. कलोडनच्या रणभूमीवर पंचवीस मिनिटं मिळाली. त्या पंचवीस मिनिटांत मी काहीच पाहिलं नाही, आणि ते मला पुढे वर्षभर खुपत राहिलं. पुढच्या वर्षी एकटी गेले, इन्व्हर्नेसला तीन रात्री राहिले आणि तिथून रोज एक फेरी केली. तेव्हापासून हीच पद्धत. एडिनबराहून इन्व्हर्नेसला थेट रेल्वे आहे, साडेतीन तासांच्या आसपास लागतात, आणि तो रेल्वेमार्गही डोंगरांतूनच जातो.

पहिली फेरी कलोडन आणि क्लाव्हा. दोन्ही इन्व्हर्नेसपासून दहा किलोमीटरच्या आत-बाहेर. कलोडनला शहरातून बस जाते.

१६ एप्रिल १७४६ ला इथे लढाई झाली. स्टुअर्ट घराण्याला गादी परत मिळावी म्हणून उठलेले जॅकोबाइट एका बाजूला, त्यांचा नेता राजपुत्र चार्ल्स एडवर्ड स्टुअर्ट. दुसऱ्या बाजूला ड्यूक ऑफ कंबरलँडचं सरकारी सैन्य. आदल्या रात्री जॅकोबाइटांनी सरकारी सैन्याच्या नेर्नच्या छावणीवर छापा घालायचा बेत केला होता. अंधारात, चिखलातून चालत गेले, पोहोचायच्या आत उजाडायला लागलं म्हणून तसेच परत फिरले. उपाशी, न झोपलेली माणसं सकाळी मैदानात उभी राहिली. लढाई तासभरही चालली नाही.

हे सगळं वाचून माहीत असतं. तिथे गेल्यावर जे कळतं ते पायांना कळतं. माळ सपाट दिसतो, पण मधली जमीन पाणथळ आहे. निळे झेंडे जॅकोबाइटांची फळी दाखवतात, लाल झेंडे सरकारी फळी. निळ्यापासून लाल झेंड्यांपर्यंत एकदा चालत जा, शक्यतो पाऊस पडून गेल्यावर. बूट रुतायला लागले की तलवारी घेऊन धावत निघालेल्या माणसांचं आणि समोरून येणाऱ्या तोफांच्या छऱ्यांचं काय झालं असेल ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

मधे एक मोठी दगडी रास आहे, स्मारक म्हणून १८८१ साली रचलेली. तिच्या आसपास गवतात लांबट उंचवटे दिसतात. त्या सामूहिक कबरी आहेत. समोरच्या दगडांवर कुळांची नावं आहेत. काही दगडांवर नुसतंच 'मिश्र कुळं' असं कोरलंय. कृपा करून त्या उंचवट्यांवर चढून फोटो काढू नका, डबा उघडून बसू नका. मी लोकांना तसं करताना पाहिलंय, म्हणून लिहिते.

माहिती केंद्राला तिकीट आहे, माळावर फिरायला नाही. पण तिकिटाचे पैसे वाचवू नका. आत एका बाजूच्या भिंतीवर सरकारी पक्षाची गोष्ट आणि समोरच्या भिंतीवर जॅकोबाइटांची, दोन्ही बरोबरीनं पुढे सरकतात. बाहेर पडताना इमारतीची दगडी भिंत नीट बघा. तिच्यातून काही दगड पुढे आलेले आहेत. एकेक दगड म्हणजे एकेक मेलेला माणूस. सरकारी बाजूचे दगड पटकन संपतात. जॅकोबाइटांचे संपता संपत नाहीत.

तिथून क्लाव्हा केर्न्स गाडीनं पाच मिनिटांवर, चालत अर्धा-पाऊण तास. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या दगडी समाध्या, प्रत्येकीभोवती उभ्या शिळांचं कडं, वर झाडांची सावली. तीन मोठ्या राशी आहेत. कडेच्या दोन राशींना आत जायला चिंचोळी वाट आहे, आणि त्या दोन्ही वाटा हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवसाच्या मावळतीकडे तोंड करून आहेत. तिकीट नाही, दार नाही. कलोडन पाहून झाल्यावर मन जड झालेलं असतं, तेव्हा इथे अर्धा तास नुसतं बसावं.

दुसरी फेरी माझी सर्वांत आवडती, पण ती उद्या लिहिते.

मुशाफिर

धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. 'पायांना कळतं' हे अगदी खरं. मी भर उन्हात गेलो होतो, तरी मोजे ओले झाले.

रानफूल

अगदी वेळेवर धागा आला! जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन जातेय. बाबा ७१ वर्षांचे, शाळेत इतिहास शिकवायचे, गुडघा दुखतो पण हौस दांडगी आहे. आईला किल्ल्यांपेक्षा माणसं कशी राहायची हे बघायला जास्त आवडतं. तीन दिवस आहेत. अर्कर्ट कॅसल, आयलन डोनन, ग्लेनको, ग्लेनफिनन आणि स्काय बेट एवढी यादी काढली आहे. जमेल ना? गाडी भाड्यानं घ्यायचा विचार आहे, परवाना भारतीय आहे.

मुशाफिर

स्काय काढून टाका. बेट मोठं आहे, इन्व्हर्नेसहून जाऊन-येऊन दिवस गाडीतच जाईल आणि बाबांचा गुडघा संध्याकाळी बोलेल. स्कायला वेगळे दोन दिवस द्या, नाहीतर या खेपेला सोडा.

गाडीचं म्हणाल तर भारतीय परवान्यावर तिथे आल्यापासून बारा महिने चालवता येते. डाव्या बाजूनंच चालवायचं असतं, त्यामुळे आपल्याला जड जात नाही. एकेरी रस्त्यांची मात्र सवय करून घ्यावी लागते. एकच गाडी मावेल एवढा रस्ता, आणि ठरावीक अंतरावर बाजूला रुंद केलेली जागा, 'पासिंग प्लेस'. जागा डावीकडे असेल तर आपण आत घ्यायचं, उजवीकडे असेल तर तिच्यासमोर रस्त्यातच थांबायचं आणि समोरच्याला त्या जागेतून जाऊ द्यायचं. मागून कुणी घाईत असेल तर त्यालाही वाट द्यायची, तो बहुधा स्थानिक असतो आणि कामावर निघालेला असतो. दृश्य कितीही सुंदर असलं तरी त्या जागेत गाडी लावून फोटो काढत बसायचं नाही.

ए-९ महामार्गावर सरासरी वेग मोजणारे कॅमेरे आहेत, दोन कॅमेऱ्यांमधला वेळ धरून वेग काढतात. आणि वाटेत व्हिस्कीची भट्टी बघायला थांबलात तर चालवणाऱ्यानं चवसुद्धा घेऊ नये. स्कॉटलंडमध्ये दारूची मर्यादा इंग्लंडपेक्षा कडक आहे.

नकाशावाला

रानफूल, तुमच्या यादीतल्या दोन किल्ल्यांबद्दल लिहितो. बाबा इतिहासाचे शिक्षक आहेत म्हणून मुद्दाम.

आयलन डोननचा फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो. तीन सरोवरं मिळतात तिथल्या छोट्या बेटावर किल्ला, कमानींचा पूल. पण जो उभा दिसतो तो विसाव्या शतकातला आहे. मूळ किल्ला १७१९ मध्ये सरकारी युद्धनौकांनी तोफा डागून घेतला आणि मग सुरुंगानं उडवला, कारण त्या वर्षीच्या उठावात जॅकोबाइटांच्या मदतीला आलेले स्पॅनिश सैनिक आत होते. त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षं तिथे नुसते पडके दगड होते. १९१२ ते १९३२ या काळात तो पुन्हा बांधला. म्हणून बघू नये असं मी म्हणत नाही, संध्याकाळच्या उजेडात तो फार देखणा दिसतो. फक्त काय बघतोय हे माहीत असावं. आणि त्याच रस्त्यावर, किल्ल्याच्या थोडं अलीकडे ग्लेन शील लागतं. १७१९ ची लढाई त्या खिंडीत झाली. बहुतेक गाड्या तिथून न थांबता पुढे जातात.

अर्कर्टचं उलट आहे. तो कुणी पुन्हा बांधला नाही. १६९२ मध्ये सरकारी शिबंदी किल्ला सोडून गेली तेव्हा जॅकोबाइटांच्या हाती लागू नये म्हणून तिनंच सुरुंगाची दारू भरून प्रवेशद्वार उडवलं. त्या स्फोटात उडालेला बांधकामाचा एक प्रचंड तुकडा आजही दाराशी तसाच पडलाय. पूर्ण कोसळलेली भिंत नाही, चुन्यानं घट्ट बांधलेला अखंड धोंडा. बाबांना तो नक्की दाखवा. समोर लॉख नेस सरोवर, सुमारे २३० मीटर खोल, पाणी काळं दिसतं कारण त्यात पीटचे, म्हणजे दलदलीत कुजलेल्या वनस्पतींच्या मातीचे, कण असतात. तिकीट आधी ऑनलाइन काढा, उन्हाळ्यात दुपारी गर्दीनं जागा मिळत नाही. गुडघ्यासाठी सांगतो, पार्किंगपासून किल्ल्यापर्यंत उतार आहे आणि येताना तोच चढ. मनोऱ्याच्या पायऱ्या सोडून दिल्या तरी फार चुकत नाही.

डोंगरवाट

काल म्हटल्याप्रमाणे दुसरी फेरी. रानफूल, ही तुमच्या आईसाठी आहे असं समजा.

इन्व्हर्नेसहून दक्षिणेला रेल्वेनं तासाभरात किंग्यूसी. स्टेशनापासून दीडेक किलोमीटर चाललं की हिरव्या टेकाडावर बिनछपराची भलीमोठी इमारत दिसते, रुथवेन बॅरक्स. १७१५ च्या उठावानंतर हायलँड्सवर वचक बसावा म्हणून सरकारनं ज्या लष्करी चौक्या बांधल्या त्यांतली ही एक. बांधकाम १७१९ ते १७२१ मधलं. पुढे जनरल जॉर्ज वेड यानं सैन्य आणि तोफा नेण्यासाठी डोंगरांत सुमारे ४०० किलोमीटर रस्ते आणि चाळीसेक पूल बांधवले. आज आपण ज्या वाटांनी हौसेनं फिरतो त्यांतल्या कितीतरी वाटा मुळात या मुलखाला दाबून ठेवण्यासाठी काढलेल्या होत्या.

१७४५ च्या ऑगस्टमध्ये दोनशेवर जॅकोबाइटांनी या चौकीवर हल्ला केला. आत एक सार्जंट आणि मूठभर शिपाई होते. त्यांनी ती राखली, एकच माणूस गमावला. पुढच्या फेब्रुवारीत तोफा आणल्या तेव्हा त्याच सार्जंटाला शरण यावं लागलं. आणि कलोडनच्या पराभवानंतर वाचलेले हजारो जॅकोबाइट इथेच जमले होते, पुन्हा लढायला तयार. त्यांना राजपुत्राकडून निरोप आला तो एवढाच, की ज्यानं त्यानं आपला जीव वाचवावा. त्या टेकाडावर, भर वाऱ्यात, हा निरोप ऐकणाऱ्यांचा विचार करून मला दर वेळी गलबलून येतं.

बॅरक्सला तिकीट नाही, कधीही जा. भिंती चारही बाजूंनी शाबूत, वर आभाळ, आत गवत आणि मेंढ्या.

तिथून पाचेक किलोमीटरवर न्यूटनमोरला हायलँड फोक म्युझियम. बंदिस्त दालनांचं नाही, उघड्या माळावरचं. प्रवेश विनामूल्य, देणगी ऐच्छिक. १७०० सालच्या सुमारास या भागातली वस्ती जशी असायची तशी एक वस्ती तिथे उभी केलीय. मातीसकट कापलेल्या गवताच्या विटांच्या जाड भिंती, आत वाकड्या लाकडांचा सांगाडा, वर शाकारलेलं छप्पर. एका टोकाला गुरं, दुसऱ्या टोकाला माणसं. जमिनीच्या मधोमध पीटचा विस्तव, धुराडं नाही. आत शिरलं की डोळ्यांना पाणी येतं, मग हळूहळू अंधारातली भांडी, पलंग, चरखा दिसायला लागतात. या संग्रहालयाची मूळ सुरुवात इझाबेल ग्रँट नावाच्या बाईंनी १९३५ मध्ये केली, जुनी घरं मोडत होती तेव्हा घरोघर फिरून वस्तू गोळा करून. ऑक्टोबरनंतर बंद असतं, एप्रिलला उघडतं.

रानफूल

वाचतानाच आईला फोन केला. हे नक्की. ग्लेनकोबद्दल कुणी लिहील का?

मुशाफिर

ग्लेनको इन्व्हर्नेसहून दोन तास. जाताना लॉख नेसच्या काठानं जा, फोर्ट ऑगस्टसला कालव्याची दारं उघडून होड्या पाच पायऱ्या चढताना बघा. थॉमस टेलफर्डचा कॅलेडोनियन कालवा, १८२२ मध्ये सुरू झालेला. तिथून पुढे ग्लेनको.

१३ फेब्रुवारी १६९२ ची पहाट. मॅकडोनाल्डांच्या घरांत जवळजवळ दोन आठवडे सरकारी सैनिक पाहुणे म्हणून राहत होते, त्यांच्याच चुलीवर जेवत होते. मॅकडोनाल्डांच्या प्रमुखानं राजाशी एकनिष्ठेची शपथ घ्यायला उशीर केला होता. मुदत १ जानेवारीची होती. तो मुदतीत फोर्ट विल्यमला पोहोचला, तिथे सांगितलं की शपथ इथे घेता येत नाही, इनव्हरेरीला जा. बर्फातून तिथे जाईपर्यंत तारीख उलटली. त्या पहाटे पाहुण्यांनी यजमानांवर शस्त्र उचललं. ३८ जणांना मारलं, आणि जे बर्फात पळाले त्यांतलेही बरेच थंडीनं गेले. हायलँड्समध्ये माणसं मारली गेल्याचं नवल नव्हतं. ज्याच्या घरचं मीठ खाल्लं त्याला मारलं, हे तिथले लोक विसरले नाहीत.

'तीन बहिणी' म्हणतात त्या कड्यांसमोर गाड्यांची रांग असते. तिथे पाच मिनिटं थांबा आणि मग गावात जा. गावात झाडांमध्ये उंच क्रूस आहे, तेच हत्याकांडाचं स्मारक. रांग नाही, आवाज नाही. ग्लेनफिननचा पूल त्याच दिवशी करायचा हट्ट धरू नका. २१ कमानींच्या त्या पुलावरून वाफेची गाडी जाते म्हणून पार्किंग सकाळीच भरतं. मला तिथला सरोवराकाठचा मनोरा जास्त मोलाचा वाटतो, १९ ऑगस्ट १७४५ ला निशाण उभारून उठाव सुरू झाला तो तिथे.

सह्यवेडा

अर्कर्टचं प्रवेशद्वार सुरुंगानं उडवल्याचं वाचून आपले गड आठवले. १८१८ मध्ये इंग्रजांनी किती गडांच्या पायऱ्या आणि दरवाजे असेच उडवले. इंग्रजांच्या फौजांत हायलँडरही असायचे. कलोडननंतर अर्ध्या शतकातच यांच्या मुलानातवंडांच्या पलटणी जगभर पाठवल्या गेल्या.

जुनीपाने

हा धागा पहिल्या दिवसापासून वाचतेय. सगळी माहिती उत्तम. पण एक गोष्ट अजून कुणी लिहिली नाही आणि माझ्या मते तिच्याशिवाय हायलँड्स अर्धेच दिसतात.

इथे आलेला प्रत्येक जण म्हणतो, 'किती मोकळं, किती शांत, मैलोनमैल माणूस नाही'. मीही म्हणायचे. ती शांतता निसर्गाची नाही. या दऱ्यांत माणसं राहत होती, आणि त्यांना काढून लावलं.

कलोडननंतर सरकारनं कुळप्रमुखांचे न्यायनिवाड्याचे अधिकार काढून घेतले. हायलँडचा पोशाख घालायला बंदी केली, ती १७८२ पर्यंत राहिली. पूर्वी प्रमुखाला माणसं हवी असत, कारण माणसं म्हणजे तलवारी. आता त्याला जमिनीचा खंड हवा होता, आणि माणसांपेक्षा मेंढ्यांत जास्त पैसा होता. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून पुढची सत्तर-ऐंशी वर्षं एकेक दरी रिकामी होत गेली. १७९२ मध्ये रॉस भागातल्या लोकांनी मेंढ्यांचे कळपच हाकलून द्यायचा प्रयत्न केला, तो सैन्यानं मोडून काढला. सदरलंडच्या स्ट्रॅथनेव्हरमध्ये १८१४ आणि १८१९ मध्ये घरांची छपरं पेटवून दिली. १८१४ ची जाळपोळ ज्या कारभाऱ्यानं केली त्याच्यावर १८१६ मध्ये इन्व्हर्नेसच्याच न्यायालयात खटला चालला, आणि तो निर्दोष सुटला. लोकांना जमिनीवर कायद्यानं हक्क मिळाला तो १८८६ मध्ये, तोवर कितीतरी जण कॅनडाच्या बोटीत बसले होते.

याला 'क्लिअरन्सेस' म्हणतात. शब्द किती साफसूफ आहे.

आता एक फेरी सुचवते, ती सहसा कुठल्याही सहलीत नसते. इन्व्हर्नेसहून उत्तरेला आर्डगाय, आणि तिथून पश्चिमेला सोळा किलोमीटर एकेरी रस्ता. रस्ता जवळजवळ संपतो तिथे झाडांच्या घोळक्यात एक लहान पांढरट चर्च आहे, क्रॉइक. १८४५ च्या मे महिन्यात शेजारच्या ग्लेनकॅल्व्ही दरीतून सुमारे ९० माणसांना घराबाहेर काढलं. म्हातारी, तान्ही, सगळी. ती या चर्चच्या आवारात आली. आत गेली नाहीत, देवाची जागा आपल्या संसारानं विटाळू नये म्हणून. कबरींमध्ये कापड ताणून त्याखाली राहिली. लंडनच्या द टाइम्सचा वार्ताहर येऊन हे बघून गेला, म्हणून जगाला कळलं.

पूर्वेच्या खिडकीला चौकटी-चौकटींची लहान काचेची तावदानं आहेत. त्यांवर त्या माणसांनी टोकदार वस्तूनं अक्षरं ओरखडली. 'ग्लेनकॅल्व्हीची माणसं, २४ मे १८४५ रोजी इथे आवारात होती.' आणि एका काचेवर, 'ग्लेनकॅल्व्हीची माणसं, पापी पिढी.' स्वतःलाच पापी म्हटलंय. एवढं मोठं संकट आलं म्हणजे आपलंच काहीतरी चुकलं असणार, अशी समजूत. त्यांची बोली गेलिक होती, पण अक्षरं इंग्रजी आहेत.

ती बाहेरून लिहिलेली आहेत. ज्यांनी लिहिली ती बाहेर होती.

तिथून परत येताना कुठल्याही दरीत गाडी हळू करा आणि डोंगराच्या पायथ्याशी बघा. हेदरच्या तपकिरी झुडपांमध्ये मधेच एखादा लख्ख हिरवा तुकडा दिसतो. ते जुनं शेत, पिढ्यानपिढ्या खत घातलेलं, म्हणून अजून हिरवं. जवळ गेलात तर गवतात गुडघ्याएवढे दगडांचे आयत सापडतील, ती घरं. तिथे उघड्या माळावर आणि टेकड्यांवर जबाबदारीनं फिरण्याचा हक्क सगळ्यांना २००३ च्या कायद्यानं दिलाय, पण फाटक जसं सापडेल तसंच मागे ठेवायचं. उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद.

नकाशावाला

जुनीपाने, चौदा वर्षं या भागात फिरतोय आणि क्रॉइकला गेलो नव्हतो. या शनिवारी जातोय.

डोंगरवाट

+१. मी या प्रतिसादानंतर बराच वेळ काही लिहू शकले नाही. रुथवेनवरून खाली बघताना मीही 'किती मोकळं' असंच म्हणत आलेय.

रानफूल, आता तुमचे तीन दिवस ठरलेच. एक कलोडन-क्लाव्हा, एक किंग्यूसी-न्यूटनमोर, एक क्रॉइक. कलोडनच्या वाटा सपाट आहेत, बाबांना त्रास होणार नाही. वेळ उरला तर पहिल्या दिवशी संध्याकाळी अर्कर्ट फक्त वरून बघा, जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो.

रानफूल

ठरलं. आणि त्या बारीक चावऱ्या माश्यांचं काय करायचं? फार भीती घालतात सगळे.

मुशाफिर

मिज. वारा असला की नसतात, ढगाळ दमट हवेत वारा पडला की थवेच्या थवे. सकाळ-संध्याकाळ जास्त. डोक्यावरून घालायची जाळी शहरातल्या दुकानात मिळते, तिघांसाठी घ्या. अंगभर कपडे, आणि पाण्याजवळ फार वेळ उभं राहायचं नाही.

रानफूल

जाऊन आलो. परवाच घरी पोहोचलो, आधी इथे लिहितेय.

कलोडनला पाच तास होतो. बाबांनी दोन्ही भिंतींवरचा शब्दन्‌शब्द वाचला. बाहेर 'मिश्र कुळं' लिहिलेल्या दगडापाशी ते बराच वेळ थांबले. म्हणाले, "यांना ओळखायलाही कुणी उरलं नव्हतं." अर्कर्ट राहिलं, आणि त्याची कुणालाच रुखरुख नाही.

न्यूटनमोरला पाऊस होता, पण आईचा दिवस तोच. त्या मातीच्या घरात शिरल्यावर ती सरळ विस्तवाजवळ उकिडवी बसली. जुन्या पद्धतीचा पोशाख घातलेल्या तिथल्या बाईंना तिनं माझ्याकडून विचारलं, धूर जातो कुठून? त्या म्हणाल्या, छपरातूनच झिरपतो, त्यानं छप्पर कोरडं राहतं आणि टिकतं. आईनं मान हलवली. तिच्या आजोळच्या स्वयंपाकघरात कौलांतून असाच धूर निघायचा. मग दोघी पीट कसा कापतात, किती दिवस वाळवतात यावर बोलत बसल्या. मी मधे दुभाषी. मागून आलेली दोन कुटुंबं बघून निघून गेली तरी या दोघी तिथेच.

क्रॉइकच्या रस्त्यावर मी एकदा पासिंग प्लेस चुकले आणि बरंच अंतर मागे घ्यावं लागलं, समोरचे गृहस्थ शांतपणे थांबून राहिले. चर्चपाशी आमच्याशिवाय कुणी नव्हतं. दार उघडं होतं. आत लाकडी बाक, थंडगार. बाबा आधी आतूनच काच वाचायला लागले, पण अक्षरं उलटी दिसत होती. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. काही न बोलता बाहेर गेले, गवतातून खिडकीशी जाऊन उभे राहिले आणि वही काढून एकेक ओळ उतरवून घ्यायला लागले. काही अक्षरं पुसट आहेत, काचेवर उजेड कसा पडतो त्यावर दिसतात, म्हणून सारखी मान तिरपी करावी लागत होती. तेवढ्यात भुरभुर पाऊस सुरू झाला. आई छत्री घेऊन गेली आणि त्यांचं लिहून होईपर्यंत वहीवर धरून उभी राहिली.